यंदा दोन्ही तुकडे जळाले

ती. थर्लोदादास,

धाकट्या व्हर्नाचा फ्लोरिडापर्यंत पोचेल असा वाकून नमस्कार. (वाकलं की कंबर उठू देत नाही, म्हणून प्रत्यक्षात बसूनच लिहितेय.) जेवण जातं का? खरं कळव.

तुझं पत्र बर्फ वितळायच्या आधीच मिळालं. ऑगस्टात शेवटचं इकडे घरी, मेनला यायचं, आपल्या रानातली ब्लूबेरी पोटभर खायची आणि मग औषधपाणी बंद, असा तुझा बेत.

तर कळवायला वाईट वाटतं, की यंदा फळ नाही. आपली रीत तुला ठाऊक आहे (तरी सांगते, फ्लोरिडात माणूस विसरतो, तिथं म्हणे झुडपं कात्रीनं छाटतात): एका वर्षी अर्धं रान जाळायचं, उरलेल्या अर्ध्यात फळ घ्यायचं. जळलेलं झुडूप पहिल्या वर्षी नुसतं पालवतं, दुसऱ्या वर्षी लगडतं. बर्फ वितळल्यावर शेजारच्या ऑरिनला घेऊन मी पश्चिमेचा तुकडा पेटवला. ऑरिन पाठीवर पाण्याचा पंप बांधून सारा गाव वाचवायला निघाल्याच्या रुबाबात फिरत होता. (पंप रिकामा होता.) तो भरायला ओढ्यावर गेला, घसरला आणि कासवासारखा उताणा पडला. तो उठेपर्यंत आग दगडी बांध ओलांडून पूर्वेच्या, म्हणजे यंदा फळ धरणाऱ्या तुकड्यात शिरलेली. वारा फिरला असावा. ऑरिन म्हणतो, "व्हर्ना, वारा तर उलटा होता गं." जन्मभर समुद्रावर मासे धरणाऱ्याला वाऱ्यातलं काय कळणार?

आता दोन्ही तुकडे काळेठिक्कर आहेत. पुढच्या वर्षी ऑगस्टात मात्र दोन्ही एकदम लगडतील. एवढं फळ दातेरी सुपानं ओरबाडायला माझे एकटीचे हात पुरायचे नाहीत, आणि ऑरिनला मी बोलावणार नाही.

तुझी,
व्हर्ना

ता. क. तोवर इंजेक्शनं चालू ठेव. दुखतात, माहीत आहे मला.

आणखी एक ता. क. वारा फिरला नव्हता. पूर्वेच्या तुकड्यात आदल्या दिवशी पेंढा मीच पसरला, काडीही मीच लावली. तुझ्याशिवाय मला करमायचं नाही, दादा. रागावला असशील, तर माझ्यावर ओरडायला म्हणून तरी पुढच्या ऑगस्टापर्यंत जग.