मागून आलेली हाळी

अहो,

यात्रेची गाडी उद्या आपल्या गावी, मंद्रूपला परत पोचेल. निघायच्या आधी आज हरिहरेश्वरची प्रदक्षिणा केली. देवळामागच्या पायऱ्या उतरल्या की वाट समुद्राच्या खडकांवरून जाते आणि भरती आली की बंद होते. आम्ही जरा उशिराच उतरलो.

अर्ध्या वाटेत लाट पायापर्यंत आली आणि गावच्या बायका जागीच थिजल्या. पुढं जाईनात, मागं फिरेनात. तुमच्या आईंनी तर समुद्र आजच पहिल्यांदा बघितलेला. पण त्यांनी पदर खोचला, धीट म्हणून सोजरबाईंना पुढं घातलं, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या मधे घेतल्या आणि स्वतः सगळ्यांच्या मागं उभ्या राहिल्या. मग माळावर मेंढरांना घालतात तीच हाळी घातली.

"हुर्रर्र, चला. पाण्याकडं बगू नगा, म्होरलीच्या पाठीकडं बगा."

बायका हसतच पार झाल्या.

वर आल्यावर मी विचारलं, "भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं की. पर राखणाऱ्याचं भ्या मेंढरास्नी कळू द्याचं नसतं."

मेंढरं विकायला आईंना राजी कर, म्हणून तुम्ही पुण्याहून फोन करून मला यात्रेला धाडलंत. वाटभर मी शब्द जुळवत होते. आता हे पत्र पिशवीतच ठेवते. तुमचा फोन आला की विचारायचं राहून गेलं म्हणेन.

कुठल्या तोंडानं विचारू? आज मीही त्यांच्याच कळपातनं चालून आले.

तुमची,
प्रियदर्शनी