माझा आकडा गाडीत

बुधवार, तिन्हीसांज

नहायला काढून ठेवलेला माझा केसाचा आकडा दत्तूनं न विचारता नेला. एवढा घोडा झाला, आईचा आकडा चोरतो!

परवा मेकॅनिकनं माझ्यासमोर त्याला सांगितलं होतं, "एसीचा पुढचा पंखा बंद पडलाय. गाडी थांबली की गॅसचा दाब चढतो, म्हणून हा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. नाय तर पाइप फुटंल. स्विच चांगलाय, पंखा बदला." मी म्हणलं, म्हंजे कुकरच्या शिट्टीवानी. तो म्हणला, "व्हय मावशी."

पण आमच्या नवाबाला सिग्नललाबी गारवा पायजे. आज निघताना हसत म्हणतो, "आई, तुझ्या आकड्यानं स्विचच्या दोन्ही वायरी जोडल्या. आता एसी बंदच व्हत नाय बघ!" मी बी येडी, हसले. गाडी बिडकीन गावाकडं निघून गेल्यावर डोक्यात उजेड पडला. यानं तर शिट्टीच बांधून टाकली. अन् गाडीत मागं बसलीय सून जया, मांडीवर तान्ही छकुली.

जयाला फोन लावला तर दत्तूनंच उचलला. "काय नाय व्हत, आई," म्हणला अन् ठेवला.

तिन्हीसांजेला मोकळे केस घेऊन बसलेय. दुसरा आकडा हाय, पण खोचायचं सुचंना. वाटंत गर्दी लागली तर? गाडी थांबली की दाब चढतो, असंच म्हणला ना तो?

आता पुन्हा लावते. दत्तूनं फोनला हात लावायचा नाय. जयानंच उचलायचा, अन् तिला आधी एसी बंद करायला लावीन, मगच बाकीचं बोलीन.