दारात उभं राहणारं घर

प्रिय रोहित,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी एक सांगायला जाते तोवर तुझे तीन मुद्दे मांडून होतात, आणि वर "ताई, तू फार विचार करतेस" म्हणून फोन ठेवून मोकळा. म्हणून हे कागदावर. आता मध्ये बोलून दाखव.

तुझ्या सांगण्याप्रमाणे ती कॅरव्हॅन दोन दिवस वापरून बघितली. नाशिक ते इगतपुरी, धरणाच्या काठी मुक्काम. विंचूरचं आई-अण्णांचं घर विकायचं, त्यातून ही गाडी घ्यायची, म्हणजे आईची दगदग वाचेल आणि तिला चार ठिकाणं दाखवता येतील, असा तुझा बेत. गिऱ्हाईक तू शोधलंयस, आई सही करायला तयार आहे, माझी तेवढी राहिली. मीच म्हटलं होतं, आधी गाडी बघते, आईला मानवली तर सही करते. तेव्हा शब्दाला जागून सगळं सांगते.

गाडी देखणी आहे, हे आधी कबूल करते, नाहीतर म्हणशील ताईने नाक मुरडायचं ठरवूनच टाकलं होतं. मागे ऐसपैस पलंग, मधला सोफा उलगडला की आणखी एकाची झोपायची सोय, एसी, फ्रीज, इंडक्शनची शेगडी, भिंतीत टीव्ही. बाहेरच्या बाजूने कापडी छप्पर ओढलं की खाली खुर्च्या टाकून बसता येतं. तुझे दाजी लहान पोरासारखे एकेक कप्पा उघडून बघत होते. मग त्या गादीवर आडवे झाले ते घोटी गेली तरी उठले नाहीत.

आता दुसरी बाजू ऐक. दाराची पायरी इतकी उंच, की आईचे गुडघे बघता मी वरून ओढायचं आणि दाजींनी मागून आधार द्यायचा, असा प्रकार झाला. जावयाने मागून हात लावायचा म्हणजे! ती बिचारी लाजेने अर्धी झाली. प्रत्येक गतिरोधकाला खण उघडतात आणि ताटल्या मांडीवर येतात. दोघांच्या आंघोळीत टाकी रिकामी. आणि संडास शेगडीपासून हातभर अंतरावर. आईने ते बघितलं आणि तोंडाला पदर लावला. जिथं शिजवायचं तिथंच कसं जायचं, म्हणून ती धाब्यापर्यंत कळ काढून बसली. ती मैल्याची टाकी रिकामी कुठे करायची, असं मी भिमाजीला, म्हणजे मालकाच्या ड्रायव्हरला विचारलं, तर तो दुसरीकडेच बघायला लागला. आमच्या सोसायटीच्या वळणातून तर ती गाडी आत शिरतच नाही. तुझ्या पुण्याच्या पार्किंगचं तू बघ.

पण हे सगळं चालवून घेतलं असतं रे. कारण आई खुशीत होती. अण्णा गेल्यापासून, म्हणजे तीन महिने माझ्याकडे, तीन महिने तुझ्याकडे अशा पाळ्या सुरू झाल्यापासून, मी तिला एवढं खुशीत बघितलंच नव्हतं. खिडकीशी बसून भाताची खाचरं दाखवत होती, भिमाजीकडे त्याच्या गावाची चौकशी करत होती. फक्त एक गोष्ट मला खटकली. दोन दिवसांसाठी तिने दोन मोठ्या पिशव्या भरून आणल्या होत्या, आणि त्या कुणाला उचलूही देईना. मी चेष्टा केली, की आई, काशीला निघालीस का? ती नुसती हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तापल्या दुधाच्या वासाने मला जाग आली. बघते तर आई शेगडीसमोर उभी, पातेल्यातलं दूध वर आलेलं, आणि ही शांतपणे बघतेय. मला वाटलं हिला भानच नाही. धावत जाऊन बटणाला हात घातला, तर तिने माझं मनगट धरलं.

"राहू दे. उतू जाऊ दे."

दूध गेलं की फळीवरून खालच्या गालिच्यावर. शेगडी पीं पीं करून बंद पडली. आई हात जोडून उभी. नव्या घरात दूध उतू घालायचं असतं, सवाष्णीने करायचं खरं, पण तुझी झोप मोडावीशी वाटली नाही, असं म्हणाली. मग माझ्या हातात कुंकवाचा करंडा दिला आणि दाराला बोटं ओढायला सांगितलं. टीव्हीखालच्या फळीवर बघितलं तर देवांचे टाक मांडलेले. शेजारी अण्णांचा फोटो.

तूच तिला फोनवर सांगितलं होतंस ना, आई, तुझ्यासाठी चाकांवरचं घर घेतोय म्हणून? जुनं घर विकायचं, नवं घ्यायचं. आता सांग, तिचं काय चुकलं? मी कसंबसं विचारलं, की आई, तू या गाडीत राहणार? त्यावर ती मलाच समजवायला लागली.

"तीन महिने तुझ्या दारात उभी करा, तीन महिने रोहितच्या. मला आत यायची गरजच नाय. तुमाला अडचण नाय, मला बी नाय. लय सोय केली पोराहो."

रोहित, टोमणा असता तर मी भांडले असते. पण ती मनापासून खूश होती रे, आपण तिचा एवढा विचार केला म्हणून! दाजी उठून खाली उतरले आणि धरणाकडे तोंड करून उभे राहिले. अडचण हा शब्द आपण तिला कधी ऐकवला नाही. पण माझ्याकडे ती माझ्या बंटीच्या खोलीत झोपते आणि तो वह्या घेऊन बाहेर येतो, तुझ्याकडे सायलीची मीटिंग असली की ती गॅलरीत जाऊन बसते. न बोलता ती सगळं बघत होती. मी दाराला कुंकू लावलं. दुसरं काय करणार होते?

माझी सही मिळणार नाही, हे सांगायला लिहितेय. परत निघालो तेव्हा भिमाजीला म्हटलं, नाशिकला थांबू नकोस, सरळ विंचूरला घे. हे पत्र मी आपल्या घराच्या ओट्यावर बसून लिहितेय. कुलूप गंजलं होतं, दाजींनी दगडाने तोडलं. आई आल्यापासून खोल्या झाडतेय. पाळ्या बंद नको करायला, पण यापुढे त्या तिच्या नाहीत, आपल्या. हा महिना मी थांबते, पुढचा तुझा. कुणाची रजा, कुणाची शाळा, ते आपलं आपण बघू. ती मधूनच बाहेर येऊन विचारते, उज्वला, निघायचं कधी? मी तीनदा सांगितलं, की तुला आता कुठेच जायचं नाही. ती मान हलवते आणि थोड्या वेळाने पुन्हा येऊन तेच विचारते. लेकीच्या शब्दावर घर ठरत नाही, असंच तिच्या मनात असणार. तेव्हा तू ये, आणि तुझ्या तोंडाने तिला सांग.

वाट बघतेय,
तुझीच,
ताई