आधी आग, मग जहाज

सोमवार, ४

आजही मीच जिंकले! सलग नववा डाव. आता रडायचंच बाकी आहे. कारण विहीणबाईंनी काल सगळ्यांदेखत जाहीर केलंय, मला एकदा हरवल्याशिवाय त्या आपल्या घरी परतणार नाहीत. आल्या होत्या आठ दिवसांसाठी, महिना होत आला. माझ्या शिवणाच्या खोलीत त्यांचा पलंग, मशीनवर त्यांच्या औषधांच्या बाटल्या. गिऱ्हाइकांचे पडदे बेतून तसेच पडलेत.

मंगळवार, ५

हरले.

म्हणजे त्याच हरल्या. मीच हरावं असं इतकं वाटतंय, की हातून तेच लिहिलं गेलं.

खेळ सूनबाईने आणलाय. प्रत्येकीची आपली पानांची गड्डी, नवी पानं घेत घेत ती वाढवायची. खरी गोम क्रमात. 'जहाज' म्हणजे तीन पानं उचला. 'आग' म्हणजे हातातली सगळी टाका. दोन्ही एकदम मांडायची आणि कुणाचं काम आधी ते आपण सांगायचं. आधी आग लावली की हातातली रद्दी जाते, मग जहाजातून ताजा माल येतो. विहीणबाई काय करतात? आधी जहाज बोलावतात आणि मग पेटवून देतात! रोज! मला शिवण कुणी शिकवलं नाही, पण आधी कापायचं मग टाके घालायचे, एवढं पहिल्याच झग्याने शिकवलं. त्यांना तसं म्हटलंही. म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या हातात बघा, विहीणबाई."

बुधवार, ६

ठरलं. उद्यापासून आपणच हरायचं.

गुरुवार, ७

हरणं काय सोपं आहे! मीही जहाज पेटवलं. चांगली पानं समोर असून घेतली नाहीत. तरी बाई माझ्यापेक्षा वाईट खेळल्या. सूनबाई पंच म्हणून बसलेली. आईला म्हणे काय करतेस, मला म्हणे काय करताय, आणि शेवटी कपाळ धरून आत गेली.

शनिवार, ९

शेजारीण पडदे मागायला आली. मी चहा टाकायला गेले, तेवढ्यात विहीणबाईंनी तिच्यापुढे गड्डी मांडली. स्वयंपाकघरातून सगळं ऐकू येत होतं.

"आधी आग, मग जहाज," त्या सांगत होत्या. "उलटं केलंत तर हातात भोपळा."

चहा उतू गेला.

म्हणजे बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक! मला चांगलंच बनवलं. रागाने कप जरा आपटलेच. मग आठवलं, आल्या त्या दिवशी हसत म्हणाल्या होत्या, तुमचे व्याही गेल्यापासून घरात माझ्याशी बोलतो तो फक्त फ्रीज, आणि तोही घुरघुरतो. आम्ही सगळे हसलो होतो. मीच जास्त.

रविवार, १०

घोटाळा! विहीणबाई जिंकल्या. जहाज पेटवूनही जिंकल्या, पानंच तशी पडली. त्यांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाल्या, "बरं मग. बॅग भरते."

मी नियमांचं पुस्तक उघडलं आणि त्यात नसलेला नियम मोठ्याने वाचला: पाहुणीचा पहिला विजय धरत नाहीत. सूनबाईने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, त्याच पानावरून बोट फिरवलं आणि आपल्या आईला म्हणाली, "हो, आई. लिहिलंय तसं."

मशीन बाहेरच्या खोलीत आणलंय. उजेड बरा आहे इथे.