डाव्या पायातली चप्पल

अर्धापूर, मंगळवार, दिवेलागण

आज कळ नाही. कमरेतून निघून डाव्या पोटरीत उतरणारी ती कळ, सकाळपासून एकदाही नाही. घरात सगळे खूश. काल सखूमावशीनं माझ्या कमरेवर पाय दिला होता. ती पायाळू, तिचा पाय लागला की उसण पळते, असं अख्खी गल्ली मानते. मीही मुकाट्यानं पालथा पडलो.

"गेलं का न्हाई? उगं डॉक्टर ऑपरेशनचं काढून राहिले होते," बायको म्हणाली. आईनं तर मावशीला लुगडं कबूल केलं.

बरं वाटलं म्हणून केळीत पाणी बघून आलो. दारातच बायको ओरडली, "अवो, एकाच पायात चप्पल?"

डावी कुठंतरी बांधावर निसटली होती. कळलंच नाही. टाचेत काटा मोडलेला, रक्त आलेलं. तेही नाही कळलं.

नांदेडचे डॉक्टर काय म्हणाले होते? "मणक्यातली गादी सरकून नस दाबतेय. कळ जाऊन पाय बधिर पडला, तर बरं झालं समजू नका. तसेच निघून या."

हे आत सांगायला हवं. पण आई मावशीला लुगड्याचा रंग विचारतेय. कोणत्या तोंडानं सांगू?

बायकोनं बांधावरून चप्पल शोधून आणली. घातली. आता ती पायात आहे की नाही, हे खाली बघितल्याशिवाय मला सांगता येत नाही.