दादाच्या गाडीचं कुलूप

८ मार्च
दादा जानेवारीत गेला. गाडी अजून दारात उभी आहे. चावी दादाजवळ.
शवपेटीत माणसाच्या आवडीच्या वस्तू ठेवतात. सिगारेटचं पाकीट वहिनींनी ठेवलं, पत्ते आईने, गाडीची चावी मी. सगळे रडले. निर्णय योग्यच होता. दुसरी चावी वहिनींकडे असेल असं मी धरून चाललो होतो. ती त्यांनी रात्रबाजारात केव्हाच हरवलेली. हे मला आधी सांगायला हवं होतं.
नवी चावी करून आणली. इंजिन सुरू होतं आणि लगेच बंद पडतं. जुन्या चावीत बारीक चिप होती. ती ओळखल्याशिवाय इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल सोडत नाही.
म्हणजे प्रश्न सॉफ्टवेअरचा. मी शाळेत फिजिक्स शिकवतो. आठवडा पुरे.

९ मार्च
छिंगमिंग, म्हणजे पितरांची थडगी झाडायचा दिवस, ५ एप्रिलला. दादाच्या थडग्याची पहिली साफसफाई. आईचे गुडघे गेलेले, गाडीशिवाय टेकडीवरच्या दफनभूमीत नेता येणार नाही. तिकडे वहिनी रात्रबाजारातल्या आपल्या खाण्याच्या ठेल्याची पातेली स्कूटरवरून नेतात. काल रस्सा सांडून पाय भाजला.
वहिनी म्हणाल्या, भाऊजी, गिऱ्हाइकं म्हणतात भंगारातून दुसरा कॉम्प्युटर आणि त्याची चावी अशी जोडीच मिळते. घेऊन टाका ना.
मी नको म्हटलं. दादाच्या गाडीत परक्याचा मेंदू बसवायचा नाही.

१४ मार्च
डॅशबोर्डखालून इंजिनच्या कॉम्प्युटरचा डबा काढला. तीन स्क्रू उरले. बहुतेक जास्तीचे असावेत.

१६ मार्च
आतला सगळा प्रोग्रॅम लॅपटॉपवर उतरवला. नुसते आकडे. पेट्रोल कुठे, ठिणगी कुठे, चावी कुठे, काही लिहिलेलं नाही. सगळं उलटं शोधायचं. शिस्तबद्ध मनाला कठीण नाही.

२१ मार्च
चावीचा तक्ता सापडला! आईला सांगितलं. ती म्हणाली, मग जेव आता.

२२ मार्च
तो रेडिएटरच्या पंख्याचा निघाला. म्हणजे पंखा पूर्ण कळला. ही प्रगतीच.
वहिनी विचारत होत्या, पंख्यावर बसून जायचं का टेकडीवर? त्यांच्या पायाला अजून पट्टी आहे.

२७ मार्च
खरी जागा मिळाली. प्रोग्रॅम तिथे विचारतो, चावी ओळखीची आहे का? नसेल तर पेट्रोल बंद. ‘नसेल तर’ एवढंच काढायचं. दोन आकडे बदलले.
पण शेवटी सगळ्या आकड्यांची एक बेरीज असते, ती जुळली नाही तर कॉम्प्युटर उठतच नाही. बेरीज मी हाताने केली. तीनदा. तीन उत्तरं आली. मधलं घेतो आहे.

२८ मार्च
बेरीज लॅपटॉपकडून करून घेतली. वेळ वाचवण्यासाठी.

२९ मार्च, सकाळी
आज नवा प्रोग्रॅम डब्यात लिहितो आहे. लिहिताना वीज गेली तर डबा कायमचा मेला. आकाश स्वच्छ आहे. सगळा विचार केला आहे.

२९ मार्च, दुपारी
आईने डब्याचा प्लग काढून भाताचा कुकर लावला.

३१ मार्च
डबा मेलेला. आई भात खात नाही. मी तिला म्हटलं, हे होणार याची मला कल्पना होतीच.
समोरचा गॅरेजवाला सेल्वम डोकावून गेला. म्हणाला, मास्तर, छिंगमिंगला माझा पिकअप न्या, लाजू नका. त्याची गरज पडणार नाही असं सांगितलं.

२ एप्रिल
डब्यातल्या चिपचे दोन पाय तारेने जोडले की डबा पुन्हा लिहून घेतो, असं वाचलं. जोडले. आईला कुकरजवळ बसवून ठेवलं. पूर्ण लिहिला गेला.

३ एप्रिल
इंजिन चालू! आणि चालूच राहिलं! वहिनी पदपथावर बसून रडल्या. मी रडलो नाही. धूर होता.

४ एप्रिल
पातेली गाडीतून ठेल्यावर नेली. सेल्वम म्हणाला, मास्तर, खरंच चिप लागत नाही? मी गिऱ्हाइकांसमोर कपाटाच्या चावीने सुरू करून दाखवली. मग स्क्रूड्रायव्हरने. जुनं कुलूप इतकं झिजलंय की काहीही घातलं तरी फिरतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनी व्हिडिओ काढला. एका अनोळखी तरुणाने फार हुशारीचे प्रश्न विचारले. असा विद्यार्थी वर्गात एकही नाही.

५ एप्रिल
सकाळी दारात गाडी नाही.
आईला सेल्वमच्या पिकअपमधून नेलं. थडगं झाडलं, उदबत्त्या लावल्या. आईने दादाला मोठ्याने सांगितलं, कालपर्यंत चालू होती रे, धाकट्याने चालू केली होती. वहिनी तोंड फिरवून गवत उपटत राहिल्या.
तिथून पोलीस ठाणं. हवालदाराने विचारलं, चिपचं कुलूप होतं ना, मग नेली कशी? वहिनी म्हणाल्या, ते आमच्या भाऊजींना विचारा, महिनाभर तेच करत होते.
काही ओळखीची खूण? मी म्हटलं, ड्रायव्हरची सीट पार मागे आहे. दादा उंच होता. काल माझे पाय नीट पोचत नव्हते, तरी मी ती सरकवली नाही.
हवालदार म्हणाला, ती सीट आतापर्यंत पुढे आली असेल, मास्तर.