तिन्ही गावांतली अंबूबाई

१६ जून, सोमवार

तीन गावं, तीन मुलं आणि शेजारीण एकच — अंबूबाई!

दुपारी जेवण झाल्यावर डोळ्यांवर झापड होती. समितीचे आदेश टाइप करत होते. अशा वेळी बोटं आपली आपण चालतात आणि मन कुठंतरी पोहत असतं. आज ते वाईला होतं, घाटाच्या शेवटच्या पायरीवर. पाण्यात देवळाचं शिखर हलत होतं. आणि बोटं एकदम थांबली.

'घरासमोर बाभळीचे झाड. घरास कुलूप. शेजारी अंबूबाई यांनी सांगितले की, सदर कुटुंब कायमचे गाव सोडून गेले आहे.'

हे वाक्य मी सकाळीच टाइप केलं होतं — दुसऱ्या मुलाच्या फाइलमध्ये. मागचं उघडून बघितलं. मार्चमधल्या एका फाइलमध्येही तेच. एक गाव जतकडचं, एक विट्याजवळचं, एक आटपाडीच्या पुढचं. बाभूळ तीच, कुलूप तेच.

आधी हसू आलं. केवढी फिरते ही बाई! मग हसू गेलं.

पण मी कोण? बाल कल्याण समितीची डेटा एंट्रीवाली, अकरा महिन्यांच्या करारावरची. समोर येईल ते टाइप करायचं.

१७ जून, मंगळवार

आटपाडीकडची फाइल घरी डोक्यातून जाईना. सोनम नाव. दीड वर्षापूर्वी कराडच्या एसटी स्टँडवर एकटी सापडली, तेव्हा सहा वर्षांची. तेव्हापासून इथं सांगलीच्या बालगृहात. तिनं वाडीचं नाव बरोबर सांगितलं होतं! गृहभेटीचा अहवाल म्हणतो, कुलूप. म्हणून आता आदेश — 'दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त'. तीस तारखेच्या बैठकीत सह्या. एकदा सह्या झाल्या की पोर कुठंही जाईल. दिल्लीला, चेन्नईला, देशाबाहेरही.

आमची मुक्ता दत्तक आली, तिच्या आदेशात हेच शब्द होते. साताऱ्याच्या समितीचा आदेश, तीन वर्षं झाली. ती एक वर्षाची होती. तिचं नावही माझ्या नवऱ्यानं, वरदनं, त्याच शब्दावरून ठेवलं. माझ्यासाठी तो शब्द म्हणजे घरात लागलेला दिवा! आणि आज तोच टाइप करताना बोटं गार पडली.

वरदला विचारलं. तो दोन वर्षं आटपाडीकडच्या शाळेत चित्रकला शिकवत होता. म्हणाला, "गृहभेट कधीची?"

"नऊ जानेवारी."

"जानेवारीत कुलूपच असणार की! दिवाळी झाली की मेंढरं घेऊन सगळी खाली जातात. माझा निम्मा वर्ग जायचा. जूनला परत."

१९ जून, गुरुवार

अहवाल लिहिणारे विश्वजित सर. एका संस्थेतर्फे गृहभेटी करतात. वाईट माणूस नाही — मुलांना बोरं आणून देतो, सगळ्यांची नावं पाठ. चहाच्या टपरीवर गाठलं.

"सर, ही अंबूबाई कोण?"

हसले. मग कपाकडं बघत बसले. "मॅडम, साताऱ्याला होतो तिथंही एकटा, इथंही एकटा. महिन्याला पस्तीस घरं. अहवाल गेला नाही तर नोटीस येते. खोटा गेला तर काय येतं?"

"काय येतं?"

"काही नाही. इतक्या वर्षांत विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"तपासणी होते की दरवर्षी."

"होते ना. कागद आहे का बघतात. असतो."

परत येऊन टेबलाशी बसले. पंखा फिरत होता. खिडकीबाहेरचं सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं — माणसं, स्कूटर, भडंगाची गाडी. खोटा गेला तर काय येतं. खोटा गेला तर काय येतं.

२० जून, शुक्रवार

अधीक्षक साहेबांनी सोनमच्या आदेशाची प्रिंट मागितली. मी म्हणाले, प्रिंटर बिघडलाय. बिघडला नव्हता.

२२ जून, रविवार

गेलो होतो! वरद, मी आणि मुक्ता. आटपाडीपर्यंत एसटी, पुढं वडापची जीप. माळावर वारा असा की बोललेलं तोंडातच राहावं. लांब पवनचक्क्या, झोपेत कुणी हात हलवावा तशा. मुक्ता म्हणाली, "त्या कुणाला बोलावतायत?"

वाडीतलं एकही दार बंद नव्हतं. घरांपुढं मेंढरंच मेंढरं. कातरणी चालली होती. लोकर वाऱ्यानं उडत होती आणि क्षणभर वाटलं, मी जागी नाही, हे सगळं दुपारच्या टायपिंगमध्ये दिसतंय. बाभूळ नव्हती. लिंब होता.

एका म्हाताऱ्याला विचारलं, अंबूबाई कुठं राहतात?

"अंबूबाई? हितं कोण न्हाई अंबूबाई." बिराप्पा त्यांचं नाव.

येताना ठरवलं होतं, आपण काहीएक सांगायचं नाही, नुसतं बघून परतायचं. मुलांच्या फाइलमधलं बाहेर बोलायला मला परवानगी नाही. आणि तोंडातून निघून गेलं, "तुमच्या वाडीत कुणाचं मूल हरवलंय का?"

कात्र्या थांबल्या. एकेक करून सगळ्या. लिंबाखालून एक बाई उठली, हाताला लोकर तशीच.

"माजी," म्हणाली.

हरणाबाई. बिराप्पांची सून. कराडच्या दवाखान्यात होती ती, ऑपरेशनला. नवरा कळपाबरोबर पुढं. पोरगी दिराबरोबर स्टँडवर. दीर तिकिटाच्या रांगेत उभा राहिला, वळून बघतो तर पोर नाही.

"पोलिसात गेला नाहीत?"

"गेलो की," बिराप्पा म्हणाले. "फोटू मागितला. आवं, आमच्याकडं मेंढ्याचा फोटू हाय, पोरीचा न्हाई. म्हणले, फोटू घिऊन या. कुठनं आणायचा?"

मी सांगितलं, ती आहे. सांगलीत. बरी आहे.

हरणाबाई रडली नाही. माझ्याकडं नुसती बघत राहिली, लांबचं काही ओळखू येतंय का बघावं तसं. मग म्हणाली, "म्होरचं दात हालत हुतं तिचं. पडलं का?"

फाइलमधल्या पहिल्या फोटोत दोन दातांची खिडकी आहे, नंतरच्या फोटोत दात. म्हणाले, "पडले. नवे आलेत."

"माज्या माघारी आलं," एवढंच.

मुक्ता तोवर एका कोकराच्या गळ्यात पडली होती. हरणाबाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुमची व्हय?"

"हो. माझीच."

"जपा."

२३ जून, सोमवार

वाडीला गेल्याचं सांगितलं तसे अधीक्षक अनंत साहेब लाल झाले. "तुमचं काम टायपिंग! गोपनीयतेचा भंग केलात, कळतंय का?"

"कळतंय."

"करार कधी संपतो तुमचा?"

"सप्टेंबरात."

मग मी लिहून आणलेलं सरळ अध्यक्षांच्या हातात दिलं. गोदावरी मॅडम. बोलायला कडक, सगळे टरकून असतात. तिन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचले. चष्मा काढला. पुन्हा घातला, पुन्हा वाचले.

"घरी जा आज," म्हणाल्या.

आयर्विन पुलावरून चालत आले. नोकरी गेली असं धरून चालले. नदी अगदी सावकाश वाहत होती, तिला कुठं पोचायचंच नसल्यासारखी. भीती वाटायला हवी होती. हलकंच वाटत होतं.

२७ जून, शुक्रवार

नोकरी आहे अजून. कुणी बोलत नाही माझ्याशी. चहा एकटीनं.

३० जून, सोमवार

सकाळी ऑफिस उघडलं तर बाकावर हरणाबाई आणि बिराप्पा. पहाटेच्या गाडीनं आलेले. दवाखान्याचे कागद आणि अंगणवाडीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत.

बैठकीत मी कोपऱ्यात, टाइप करायला. गोदावरी मॅडमनी सोनमचा आदेश बाजूला ठेवला.

"या अहवालावर 'पाहिला' म्हणून माझी सही आहे. तारीख वाचली मी. जानेवारी. आणि मेंढरं आठवली नाहीत. मी त्याच माणदेशातली आहे. माझे मामा मेंढरामागं फिरले जन्मभर." मग माझ्याकडं वळून, "लिहा. चूक समितीची आहे. चौकशी अध्यक्षांपासून सुरू करावी. वर पाठवायचंय."

अनंत साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, असं कुणी लिहीत नाही."

"म्हणून तर इथवर आलं."

टाइप केलं. एक अक्षर चुकलं नाही.

११ जुलै, शुक्रवार

आज सोनमला नेलं. ओळख पटवण्याचे सगळे सोपस्कार झाले.

ती नारिंगी फ्रॉकमध्ये, बालगृहाच्या ताईंच्या मागं लपून. वेण्या चापूनचोपून. हरणाबाई पुढं गेलीच नाही. दारातच फरशीवर बसली.

"सोने, वळखलीस न्हवं?"

पोरगी बराच वेळ बघत राहिली. मग बारीक, शाळेतल्या आवाजात म्हणाली, "वळखलीस नाही. ओळखलीस म्हणायचं."

मला वाटलं, आता ही बाई मोडणार. दीड वर्षात आपण हिच्या पोरीची जीभसुद्धा बदलली.

हरणाबाई म्हणाली, "बरं." मग अगदी जपून, काच उचलावी तसं, "ओळखलीस?"

सोनम दोन पावलं पुढं आली. आईच्या खांद्यावरच्या घोंगड्याला नाक लावलं. तसंच ठेवलं. मग मांडीत शिरली, एवढी मोठी मुलगी, पाय बाहेर लोंबकळत. आणि आतून आवाज आला, "तांबडी मेंढी हाय का गं अजून?"

"हाय की. व्यालीया."

गोदावरी मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मीही.

घरी आल्यावर मुक्ता माझ्या मांडीत तशीच येऊन बसली. पाय बाहेर. उठावंसं वाटेना. संध्याकाळ झाली, दिवा लावायचा राहिला.

२५ जुलै, शुक्रवार

वरून पत्र आलं. विश्वजित सर निलंबित. त्यांनी सहा वर्षांत लिहिलेले सगळे अहवाल तपासायचे. अंबूबाई जिथं जिथं आहे त्या प्रत्येक मुलाची यादी करायची. मुलांचे पालक शोधू शकतील असे लोक नेमणार. यादीचं काम माझ्याकडं! गोदावरी मॅडमचीही चौकशी लागली आहे. त्या रोज वेळेवर येतात, आधीसारख्याच.

सर किल्ल्या द्यायला आले होते. केस अचानक पांढरे दिसले. म्हणाले, "राग नाही तुमच्यावर. माझ्या घरी कुणी गृहभेटीला आलं असतं, तर तिथंही कुलूपच दिसलं असतं."

पाणी दिलं.

मॅडमना विचारलं, "जी मुलं दत्तक गेली, त्यांचं काय?"

"त्यांनाही घ्या. पुढचं कोर्ट बघेल. मुलांना तिथून काढतीलच असं नाही. पण कुणाचा शोध घेतला नाही ते कळायला हवं. यादी पुरी हवी, मयूरी. एक नाव गाळलंत तर तुम्ही आणि तो सारखेच."

पहिल्यांदाच नावानं हाक मारली त्यांनी.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सांगलीच्या फाइली संपल्या. सव्वीस ठिकाणी अंबूबाई. आज साताऱ्याचे गठ्ठे आले, लाल कापडात बांधलेले. सोमवारपासून.

कापडाला ओलसर वास. तिकडं पाऊस फार.

३ ऑगस्ट, रविवार

वाईला आईकडं. दिवसभर धुकट. घाट अर्धे पाण्यात, अर्धे धुक्यात. पायऱ्या मधेच सुरू होऊन मधेच संपत होत्या. मुक्ता आणि मी वरच्या पायरीवर बसलो. तिनं पानाची होडी सोडली, ती दिसेनाशी होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

"आई, पाणी कुठनं येतं?"

"महाबळेश्वरातनं."

"मग तिथं कोण सोडतं?"

तिला जवळ ओढलं. केसांना ओल्या पानांचा वास येत होता.

आई म्हणाली, गप्प गप्प का तू? म्हणाले, काही नाही, झोप येतीय. खरंच येत होती. त्या धुक्यातून उठून सांगलीला परत जावंसं वाटत नव्हतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

सोळा फाइली झाल्या. सहा अंबूबाया. एक गठ्ठा राहिलाय. तीन वर्षांपूर्वीचा. उद्या.

६ ऑगस्ट, बुधवार

गठ्ठ्यातली वरून चौथी फाइल. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या शेतावर कामाला आलेली बाई. अकरा महिन्यांची मुलगी न्यूमोनियानं दवाखान्यात. आई धाकट्या बहिणीला सोबतीला आणते म्हणून गावी गेली, गावाचा पत्ता लिहून देऊन. 'घरासमोर बाभळीचे झाड. घरास कुलूप.' खाली आदेशाचा क्रमांक. तो मला पाठ आहे.

वरदला फोन केला. म्हणाला, "टाइप कर तू. मी येतो न्यायला."

चार वाजता यादी पाठवली. 'मूल सध्या कुठे आहे' या रकान्यात आमच्या घराचा पत्ता घातला.